बाईंच्या बाजूचा ब्रेक

सहलीला निघायच्या आधी पंधरा दिवस संचालक भेटेल त्याला सांगत होते की यंदा आम्ही निवांत फिरणार आहोत. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना सांगून झालं, दुकानदाराला सांगून झालं, दाढी करणाऱ्याला तर दोनदा सांगून झालं. आठ दिवस, पाच बेटं, त्यांना जोडणारे चार पूल आणि एक फेरीबोट, आणि गाडी ते स्वतः चालवणार. बाईंनी फक्त बसायचं. एवढं बसायला मिळणार म्हणून बाईंनी आनंदाने उड्या माराव्यात, अशी त्यांची अपेक्षा दिसत होती.

संचालक म्हणजे बाईंचा नवरा. दोघांचं मिळून एक ड्रायव्हिंग स्कूल आहे. यातला ‘मिळून’ हा शब्द जरा सैलच घ्यायचा. संचालक ऑफिसात बसतात. टेबलावर काच, काचेखाली वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, काचेवर त्यांच्या हुद्द्याची पितळी पाटी. ते फॉर्म भरतात, फोटो चिकटवतात, आणि नवीन माणूस आला की दोन खेळण्यातल्या गाड्या टेबलावर फिरवून ओव्हरटेक कसं करायचं ते दाखवतात. त्या दोन गाड्यांचा आजवर एकही अपघात झालेला नाही. रस्त्यावरच्या खऱ्या गाडीत तीस वर्षं बाई बसताहेत, सकाळी सहापासून, ज्यांनी जन्मात स्टिअरिंगला हात लावलेला नाही अशांच्या शेजारी. शिकणारे त्यांना बाई म्हणतात. जरा आगाऊ असतील ते पाठीमागे ब्रेकबाई म्हणतात, आणि बाईंना ते ठाऊक आहे.

शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला की शिकवणाऱ्याने तो दाबायचा. यात काय मोठं, असं कुणालाही वाटेल. पण बाईंचं कसब निराळंच होतं. घाबरट माणूस शेजारी असला की त्या इतक्या हलक्या पायाने ब्रेक दाबत, की गाडी आपणच थांबवली असं त्याला वाटावं. तसं वाटलं की त्याची बोटं स्टिअरिंगवर सैल पडत, खांदे खाली येत, आणि त्या दिवसापासून तो खरोखर शिकायला लागे. ती बोटं सैल पडताना बघणं हा बाईंच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आनंद होता. लग्नात इतका झाला नव्हता, आणि हे त्यांनी स्वतःशी केव्हाच कबूल केलं होतं.

मुलगी फोनवर म्हणाली होती की तिकडे जाऊन भाड्याची चांगली गाडी घ्या. संचालकांनी ते उडवून लावलं. परकी गाडी, परका क्लच, कशाला नसते उपद्व्याप? आपल्या शाळेची गाडी हातातली आहे. हातातली म्हणजे कुणाच्या, हे विचारायचं नाही. त्यांनी याआधी ती चालवली होती मुलीच्या लग्नात, हॉलच्या मागच्या गेटापासून पुढच्या गेटापर्यंत, आणि तेवढ्यातही एक कुंडी गेली होती.

तर शाळेची गाडी निघाली. तिच्या टपावर दोन्ही बाजूंनी दिसेल अशी पत्र्याची पाटी, वर लाल अक्षरात ‘शिकाऊ’ आणि खाली शाळेचं नाव. पाटीचे बोल्ट गंजले होते म्हणून ती काढता आली नाही. मग संचालकांनी असंही ठरवून टाकलं की असू दे, जाहिरात होईल. समुद्रातल्या बेटावरून कोण त्यांच्याकडे क्लच शिकायला येणार होतं, ते त्यांनाच माहीत.

पहिल्या पुलावरच गंमत सुरू झाली. मागून येणाऱ्या गाड्या पाटी वाचत आणि लांब राहत. समोरून येणारे कडेला सरकत. चौकात तर चारही बाजूंची वाहनं थांबून यांना आधी जाऊ देत. संचालक खूश. इथली माणसं किती सुसंस्कृत आहेत बघ, म्हणाले, आपल्याकडे असं कुणी थांबत नाही. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. बाहेर बघण्यासारखं होतंही. हिवाळा असून अंगाला ऊन नुसतं कोमट लागत होतं, पुलाखाली पाणी तळ दिसेल इतकं नितळ होतं, आणि पुढे सुरूच्या झाडांची रांग आणि अननसाची शेतं. पण बघायला सवड कुणाला? संचालक बोलताना बोलणाऱ्याकडे तोंड करत, आणि बोलणारे ते एकटेच असल्यामुळे तोंड कुठेही करत. पुलाच्या शेवटी वळण आलं, संचालक उजवीकडचे बगळे मोजत होते, आणि बाईंचा पाय आपोआप खाली गेला.

गाडी छान थांबली. संचालक म्हणाले, बघितलंस, ब्रेक कसा लागतो माझा. लोण्यासारखा.

पहिल्या दिवशी बाईंनी एकोणीस वेळा ब्रेक दाबला. दुसऱ्या दिवशी मोजायचं सोडून दिलं. या माणसाचं गाडी चालवणं म्हणजे काय होतं, ते सांगितलंच पाहिजे. आरसा त्यांच्या लेखी भांग पाडायला होता. इंडिकेटर ते वळून झाल्यावर देत, पावती दिल्यासारखा. चढावर तिसऱ्या गिअरात गाडी कण्हायला लागली की इंजिनाला बोल लावत, उतारावर तिला मोकळी सोडत आणि म्हणत की गाडीला पण मोकळं वाटू दे. आणि तोंड अखंड सुरू. वेगावर नियंत्रण, मनावर नियंत्रण, हल्लीच्या शिकवण्यात तत्त्वज्ञान उरलेलं नाही, वगैरे. तीस वर्षांत दोन हजारांवर माणसं शिकवून बाईंनी असा एक विद्यार्थी बघितला नव्हता. बाकीच्यांना निदान आपल्याला येत नाही एवढं तरी येत होतं.

दुसऱ्या बेटावर उसाच्या शेताजवळ एक खाणावळ होती, बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या. तिथे जेवताना संचालकांनी खरी गोष्ट काढली. सोमवारपासून शाळेत नवी बॅच सुरू होणार होती, सात जण, त्यातल्या पाच मुली. ही बॅच ते स्वतः घेणार होते. बाईंनी आता ऑफिसात बसावं. वय झालं, गुडघे झिजले असतील, उन्हातान्हात किती दिवस? पत्रकंही छापून झाली होती, मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांचं नाव घालून. शिकवण्याचा परवाना त्यांच्याकडे होताच, शाळा काढताना मालकाच्या नावे एक लागतो म्हणून काढलेला. तो कागद तीस वर्षं फ्रेममध्ये होता आणि आता त्याला बाहेरची हवा हवीशी झाली होती.

बाईंनी हातातला घास ताटात परत ठेवला. गुडघ्यांना काही झालं नव्हतं. त्या गुडघ्यांवरच तर घर उभं होतं. त्यांनी सरळ सांगितलं की मला ऑफिसात बसायचं नाही. तुम्हाला रोजचा रस्ता झेपायचा नाही, हेही सांगितलं. संचालक दयेने हसले. लहान मुलाने चंद्र मागितल्यावर हसतात तसं. म्हणाले, दोन दिवसांत गाडी कुठे घासली का? एक ओरखडा दाखव.

ओरखडा नव्हता. कुठून असणार? बाईंच्याच पायाने बाईंच्या विरुद्ध साक्ष दिली होती.

त्या दिवसापासून ती सहल उरली नाही. बाईंना एकच दिसत होतं: सोमवारी सकाळी सहा वाजता गाडीत एक घाबरलेली मुलगी बसेल, आणि तिच्या शेजारी, ब्रेकपुढे, हा माणूस असेल, बगळे मोजत. आणि आपण काचेच्या टेबलामागे फोटोंना डिंक लावत असू. त्या मुलीची त्यांना काळजी वाटली आणि स्वतःची कीव आली. दोन्ही एकदम आलं, आणि त्यातलं आधी कोणतं हे त्यांना सांगता आलं नसतं.

फेरीबोटीवर गाडी चढवताना आणखी शोभा झाली. बोटीवर गाड्या लावून घेणारा माणूस पाटी बघून थेट बाईंच्या खिडकीशी आला. म्हणाला, बाई, तुमच्या विद्यार्थ्याला सांगा जरा डावीकडे घ्यायला, आणि घाबरू नका म्हणावं, सगळेच इथे चुकतात. संचालकांचा चेहरा उतरला. त्यांनी काच खाली करून त्याला कळवलं की ते विद्यार्थी नसून शाळेचे संचालक आहेत. तो माणूस बरं म्हणाला आणि पुन्हा बाईंनाच म्हणाला की त्यांना सांगा डावीकडे घ्यायला. पुढचा तासभर समुद्राच्या निळाईकडे पाठ करून संचालक या बेटांवरच्या माणसांना कसं वळण नाही ते सांगत होते. सकाळपर्यंत हीच माणसं सुसंस्कृत होती.

तिसऱ्या बेटावर बाईंनी आपलं म्हणणं पुन्हा काढलं नाही. चौथ्या बेटावर मात्र गोठ्यातून एक वासरू रस्त्यावर आलं. संचालक तेव्हा आवाजात चढउतार देऊन मनावरचं नियंत्रण समजावत होते. बाईंनी ब्रेक इतका करकचून दाबला की सीटचा पट्टा खांद्यात रुतला. वासरू वाचलं. आणि संचालक म्हणाले, नशीब माझी नजर तेज आहे.

हे मात्र फार झालं. बाईंनी सांगून टाकलं, आवाज न चढवता. गाडी तुम्ही नाही थांबवली, मी थांबवली. आत्ताच नव्हे, पहिल्या पुलापासून. प्रत्येक वळणावर, प्रत्येक चौकात. तुमच्या पायाखालचा ब्रेक आपोआप खाली जातो, ते तुम्हाला जाणवत नाही का?

संचालकांनी गाडी कडेला घेतली, म्हणजे निम्मी कडेला घेतली, आणि समजुतीच्या सुरात बोलले. “अगं, ती तुझी सवय आहे. तुझा पाय हलतो, हे मला माहीत आहे. तुझ्या समाधानासाठी हलतो. पण गाडी थांबते ती माझ्या ब्रेकने.”

बाईंना कपाळाला हात लावावासा वाटला, पण दोन्ही हात मांडीवर घट्ट धरलेले होते. तीस वर्षं त्यांनी माणसांना कळू न देता वाचवलं होतं, आणि त्याचं त्यांना कौतुक होतं. आता पहिल्यांदा वाटलं की हा चांगुलपणा नव्हता, ही नुसती वाईट सवय होती. घाबरलेल्या मुलीला कळू न देणं वेगळं. ज्याला कसली भीतीच नाही, त्याला कळू न देऊन आपण काय मिळवलं? हा माणूस आपणच घडवला, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना स्वतःचाही राग आला.

पाचवं बेट सगळ्यात लहान. एक रस्ता, एक दुकान, चार खोल्यांचं अतिथिगृह, आणि समोर किनारा. शेवटच्या दिवशी सकाळी संचालक घोरत असताना बाई फिरायला गेल्या. किनाऱ्यावर होड्या ओढून घ्यायला काँक्रीटचा एक उतार केलेला होता, रुंद, पाण्यात शिरणारा. बाई चप्पल हातात घेऊन त्यावरून पाण्यात उतरल्या. वीस पावलं गेल्या तरी पाणी गुडघ्याच्या वर आलं नाही. तळाशी वाळू घट्ट होती. दोन्ही बाजूंना होडी नव्हती, माणूस नव्हता, दगड नव्हता. नवख्याला पहिल्यांदा गाडी देताना त्या मैदान जसं पायांनी तपासत, तसा त्यांनी तो उतार तपासला. मग परत येऊन चहा प्यायल्या.

दुपारी संचालकांना आदल्या रात्रीच ठरवलेला फोटो हवा होता. गाडी समुद्राकडे तोंड करून, अगदी पाण्याच्या काठाशी, वर निळं आभाळ, असा फोटो मुलीला पाठवायचा आणि पत्रकावरही घालायचा. त्यांनी मोकळं मैदान बघून गाडी जोरात आणली. सपाट जागा संपून उतार लागतो, तिथे थांबायचं होतं.

बाईंनी दोन्ही पाय पायपुसणीवर सपाट ठेवले.

हे सांगायला सोपं आहे. करताना त्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले. उजवा पाय स्वतःहून उचलला जात होता आणि त्यांनी तो डाव्या पायाने दाबून धरला. संचालक डावीकडे, सुरूच्या झाडांकडे बघत होते आणि फोटोसाठी प्रकाश कुठून येतोय ते सांगत होते. उतार आला. गाडी उतारावरून गेली. पाणी आलं. गाडी पाण्यात गेली, थोडी घसरली, बंपर बुडाला, इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं. दाराच्या फटीतून पाणी आत येऊन बाईंच्या तळव्यांना लागलं. ते कोमट होतं.

कुणाला काही झालं नव्हतं. एक लाट येऊन बॉनेटवर हलकेच पसरली. मग संचालकांनी मान वळवली. लागलं का, असं विचारलं नाही. चेहरा पांढरा पडला होता आणि त्यावर सरळसरळ तक्रार होती.

“तू ब्रेक का नाही दाबलास?”

म्हणजे यांना माहीत होतं. पहिल्या पुलापासून माहीत होतं, वासराच्या वेळी माहीत होतं, आणि कुणी सांगावं, तीस वर्षं माहीत असेल. इतके दिवस त्या समजत होत्या की आपला नवरा येडा आहे. येड्याला माफ करता येतं, आणि त्यांनी ते रोज केलंही होतं. हा तर सगळं बघत होता, आणि बघून जमा करत होता स्वतःच्या खात्यात. बाईंना रडू येईल असं वाटलं. पण आला तो संताप, आणि तोही थंड.

“सोमवारी या सीटवर तुम्ही असाल,” त्या म्हणाल्या. “शेजारी एखादी पोरगी असेल. तिने गाडी अशी नेली, तर तुम्ही कुणाला विचारणार?”

संचालकांनी चष्मा काढला. पुसायला कोरडं काही सापडेना, तेव्हा ओल्या शर्टालाच पुसला आणि तसाच धुरकट परत लावला.

“मी धरून चाललो होतो, तू मागे बसशील.”

मागे. म्हणजे मागच्या सीटवर, जिथे ब्रेक नाही, पाटी नाही, पगार नाही आणि नावही नाही. तिथून बाईंनी ओरडायचं आणि पुढे या माणसाने मुख्य प्रशिक्षक व्हायचं. असा सगळा निवांत बेत ठरलेला होता. बाईंनी दार उघडलं आणि पाण्यात उतरल्या. दार त्यांना जोरात आपटायचं होतं, पण पाण्यात दार आपटत नाही.

होड्या ओढणारा एक ट्रॅक्टरवाला दुकानाकडून हे बघत होता. तो ट्रॅक्टर घेऊन आला. पन्नाशीचा शांत माणूस, डोक्याला फडकं. त्याने टपावरची पाटी वाचली, नवऱ्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि समजुतीने मान हलवली. दोर गाडीच्या मागच्या हुकाला बांधून झाल्यावर त्याने अडचण सांगितली. तो मागे ओढणार, पण आत कुणीतरी स्टिअरिंग धरायला हवं. रिव्हर्सला चाकं सरळ ठेवायची, काँक्रीटवर शेवाळ आहे, जरा वाकडी गेली तर गाडी उताराच्या कडेवरून खाली जाईल. तेव्हा चालवता यायला हवं चांगलं. कोण बसतंय?

संचालक बूट हातात घेऊन गुडघाभर पाण्यात उभे होते. मोजे पायातच होते. इथे काच नव्हती, पितळी पाटी नव्हती, खेळण्यातल्या गाड्या नव्हत्या. होता तो शेवाळलेला उतार, आणि उत्तराची वाट बघणारा एक परका माणूस. त्यांनी एकदा उताराच्या कडेकडे बघितलं.

“ही बसेल,” ते म्हणाले. “शिकवते ती. मी... मी फक्त फॉर्म भरतो.”

तीस वर्षांत हे वाक्य त्यांनी कुणापुढे म्हटलं नव्हतं. ना पाहुण्यांपुढे, ना पोरीपुढे, ना मेल्या त्या दाढी करणाऱ्यापुढे. या वाक्याची बाईंनी तरुणपणी वाट बघितली होती, मग वाट बघणं सोडलं होतं. आणि आता ते आलं होतं, पण मोठेपणाने आलं नव्हतं, शेवाळाला घाबरून आलं होतं. बाईंना त्याचा आनंद झाला का? झाला, आणि झाला म्हणून त्यांची त्यांनाच लाज वाटली. पण घेतला त्यांनी तो. दुसरा मिळणार नव्हता.

“पुन्हा सांगा,” बाई म्हणाल्या. “त्यांना ट्रॅक्टरच्या आवाजात ऐकू आलं नसेल.”

संचालकांनी पुन्हा सांगितलं. या वेळी मोठ्याने.

“सोमवारची बॅच कोण घेणार, तेही सांगा.”

“तीही हीच घेईल,” संचालक म्हणाले. ट्रॅक्टरवाल्याला कसली बॅच ते कळलं नाही, पण त्याने ऐकून घेतलं. मग बाई ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला लावला, गिअर न्यूट्रलला टाकला आणि हात बाहेर काढून ओढ म्हणून खूण केली. संचालक लगबगीने शेजारच्या दाराशी आले आणि दार उघडायला लागले.

“तिथे नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्ही चालत या.”